एका व्याख्यानाने मुले बदलत नाहीत

(शाळांमधून तरुणांच्या हिंसाप्रवृत्तीला आवर कसा घालता येईल, या विषयावर जामनेर येथे शिक्षक, पालक आणि युवा कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत अत्यंत सौम्य शब्दांत छापला आहे. 'युवक आणि संयम' असे शीर्षक वाचले की मनात सुभाषिते येऊ लागतात. परंतु ज्या गावात आपण बसलो आहोत, त्या गावात या विषयावर सुभाषिते सांगून चालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये याच तालुक्यातला एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा जमावाच्या मारहाणीत मृत्युमुखी पडला. एका मुलीसोबत तो जामनेरमधल्या कॅफेत बसला होता, एवढे निमित्त घडले. पोलीस भरतीचा अर्ज भरण्यासाठी तो घरून निघाला होता, असे वृत्तपत्रांत छापून आले. घरच्या माणसांदेखतही त्याला मारहाण झाली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालय ठरवील आणि त्याविषयी येथे मी एक अक्षरही बोलणार नाही. पण ज्यांना अटक झाली त्यांत विशीतली मुले होती, ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. चार-पाच वर्षांपूर्वी ती कोणत्या ना कोणत्या शाळेच्या बाकावर बसत होती. परिपाठाला हात जोडून उभी राहत होती. त्यांच्याही शाळेत कोणीतरी वक्ता येऊन गेला असेल, टाळ्या वाजल्या असतील, आभारप्रदर्शन झाले असेल.

मला तो न दिसणारा वक्ता अस्वस्थ करतो. कारण तो माझ्यासारखाच कोणीतरी आहे.

मरणारा मुलगा मुसलमान होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते गाळून बोलणे हा भित्रेपणा ठरेल. आपल्यापैकी काहींच्या मनात त्या क्षणी 'पण' हा शब्द आला असेल. 'झाले ते वाईट, पण...' मित्रांनो, या 'पण'नंतर जे वाक्य येते, ते आपल्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा ऐकत असतो. वडील कायद्याची बाजू घेऊन बोलतात की हळूच हसतात, हे तो टिपत असतो. शाळेतील शंभर व्याख्यानांपेक्षा जेवणाच्या ताटावरचा हा एक 'पण' अधिक प्रभावी असतो. मुलींच्या सुरक्षिततेची चिंता खरी आहे. तिच्यासाठी पोलीस ठाणे आहे, बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, पालकांचा संवाद आहे. चौकातल्या दहा पोरांना न्यायाधीश होण्याचा अधिकार यांपैकी कशानेही मिळत नाही.

आणि हा प्रश्न एका समाजाचा किंवा एका घटनेचा नाही, हे समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जून २०१८ मध्ये याच तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातील दोन अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. कोणीतरी ती मारहाण भ्रमणध्वनीवर चित्रित केली आणि महाराष्ट्रभर ती फिरली. तिला महिनाही लोटला नव्हता, तोच १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसे ठेचून मारली गेली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. मंगळवेढ्याकडून पोट भरायला आली होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच गावोगाव पोहोचली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. शिवनामाची परंपरा सांगणारे, आपल्याच दारात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत आलेले ते भटके. त्यानंतर दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक याच तऱ्हेच्या अफवेने पेटलेल्या जमावाच्या हाती सापडले. त्या घटनेने आपण सारे हादरलो, निषेधसभा घेतल्या. योग्यच केले. परंतु जमावाला भगवे वस्त्र दिसले नाही, पोलिसांचा गणवेश दिसला नाही, म्हाताऱ्याचे जोडलेले हात दिसले नाहीत. जमावाला कधीच काही दिसत नसते. ज्याला गडचिंचले आठवते, त्याने वाकडी, राईनपाडा आणि जामनेरही आठवले पाहिजे. एवढेच माझे म्हणणे आहे.

राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसाचाराविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्यासह सविस्तर निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ चे दुसरे उपकलम आले. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून खून केला, तर त्यातील प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप, असे ते सांगते. 'मी फक्त उभा होतो', 'मी फक्त शूटिंग केले' असे म्हणणारी मुले असतात. बेकायदा जमावाचा समान उद्देश सिद्ध झाला की त्या जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी होतो, हे संहितेच्या १९० व्या कलमात लिहिले आहे. आपल्या दहावीच्या किती मुलांना हे माहीत आहे? आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, हे २०१५ च्या कायद्याने ठरवून दिले आहे. 'अठरा पूर्ण नाहीत, काही होत नाही' ही समजूत आमच्या पोरांत अजून पक्की आहे. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास कोयते घेऊन रस्त्यावर दहशत माजवणाऱ्या टोळक्यांत अल्पवयीन मुले का पुढे केली जात, याचे एक कारण हीच समजूत होती.

खानदेशात पहाटे पाच वाजता कुठल्याही रस्त्याला लागा. थंडीत, अंधारात मुले धावताना दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती. कापसाला भाव नाही, जिरायतीत भविष्य नाही, म्हणून सारे घर त्या सोळाशे मीटरवर आशा लावून बसलेले असते. या मुलाला एकदाच कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे की निवड झाल्यावर चारित्र्यपडताळणी होते आणि त्या कागदावर मारामारीचा एक गुन्हा नोंदलेला असला, की चार वर्षे पायांत गोळे येईपर्यंत धावलेले सारे पाण्यात जाऊ शकते. जो गेला तो पोलीस होऊ पाहत होता. ज्यांच्यावर आरोप आहेत, त्या वयाच्या मुलांचीही स्वप्ने याहून वेगळी नसतात. एका तासात दोन्हीकडची घरे उद्ध्वस्त झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेने काय करावे? आपल्याकडे ठरलेली पद्धत आहे. काही घडले की परिपत्रक येते, मग एक 'मान्यवर' बोलावले जातात. पोलीस निरीक्षक, वकील, कीर्तनकार, माझ्यासारखा कोणी. आठशे मुले मैदानावर उन्हात बसतात. वक्ता पाऊण तास बोलतो, शेवटी मुलांकडून शपथ म्हणवून घेतो. छायाचित्र निघते, ते गटावर पडते आणि अहवालात 'हिंसाप्रतिबंध कार्यक्रम संपन्न' असे लिहिले जाते. हे सारे निरुपयोगी आहे, असे सरसकट म्हणणार नाही. पण याचा परिणाम किती होतो, हे जगात मोजून पाहिलेले आहे, आणि ते आकडे आम्हा वक्त्यांच्या अहंकाराला फारसे सुखावणारे नाहीत.

अमेरिकेत न्यू जर्सीतील राहवे येथील तुरुंगात सत्तरच्या दशकात एक प्रयोग सुरू झाला. वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घ्यायचे, घाबरवायचे, म्हणजे ती सरळ होतील. त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळाले, राज्याराज्यांत नक्कल झाली. पुढे शास्त्रशुद्ध तुलना झाली तेव्हा दिसले की तुरुंग दाखवून आणलेली मुले न नेलेल्या मुलांपेक्षा पुढे अधिक गुन्हे करतात. भीतीने मूल सुधारत नाही. उलट त्या दांडगटांत त्याला नायक सापडतो. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या, गणवेशातील पोलिसांनी वर्गावर जाऊन व्यसन आणि हिंसेविरुद्ध शिकवण्याच्या मोठ्या उपक्रमाचेही असेच झाले. अफाट लोकप्रियता मिळाली आणि दीर्घकालीन परिणाम जवळपास शून्य. शेवटी त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला.

मग यश कोठे आले? नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी सवंगड्यांच्या छळाला कंटाळून जीव दिला. तो देश हलला. डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातील सुमारे अडीच हजार मुलांवर दोन वर्षे काम केले. त्याने मैदानावर भाषणे ठेवली नाहीत. मधल्या सुटीत पटांगणाच्या कोणत्या कोपऱ्यात मारामाऱ्या होतात, हे मुलांना निनावी प्रश्नावली देऊन विचारले आणि त्या कोपऱ्यात एक शिक्षक उभा केला. प्रत्येक वर्गात छळाविरुद्ध नियम मुलांसमवेत ठरवले, दर आठवड्याला वर्गसभा घेतली, छळणाऱ्याच्या आणि छळ सोसणाऱ्याच्या, दोघांच्याही पालकांना बोलावले. छळाचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले. यात खर्च जवळजवळ नाहीच, सातत्य तेवढे आहे. आणि सातत्यच आपल्याला महाग पडते.

शिकागोमध्ये गरीब वस्त्यांतील मुलांसाठी शाळेतच आठवड्यातून एकदा छोट्या गटाची बैठक होते. तिथला पहिला खेळ सांगतो. उद्या वर्गात घेऊन पाहा. मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या हाती चेंडू देऊन मूठ मिटायला सांगतात. दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. लगेच झोंबाझोंबी सुरू होते, बोटे पिरगळली जातात. मग मार्गदर्शक शांतपणे विचारतो, "तू चेंडू मागितला का नाहीस?" मुलगा म्हणतो, "त्याने दिला नसता." आणि ज्याच्या मुठीत चेंडू होता, तो म्हणतो, "मागितला असता तर दिला असता. चेंडूच तर होता." त्या मुलांना प्रवचन दिले जात नाही, हात उचलण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय लावली जाते. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजले, तेव्हा या मुलांना हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. ही घट कार्यक्रम चालू असेपर्यंत टिकली आणि तो संपल्यावर ओसरली, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे नोंदवले. यासाठी मी त्यांना अधिक मानतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आसक्तीपासून बुद्धिनाशापर्यंतची शृंखला सांगितली आहे. कामना अडली की क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश. आपण मुलांकडून ते श्लोक पाठ करून घेतो, स्पर्धेत बक्षिसे देतो. पण त्या शृंखलेत क्रोध आणि संमोह यांच्यामध्ये जी एक फट आहे, तिथे थांबायचे कसे, याचा सराव करून घेत नाही. आखाड्यात उस्ताद डाव नुसता सांगत नाही, शंभरदा घोटून घेतो.

बॉस्टनला १९९३ मध्ये सुरू झालेला आणि पुढे स्कॉटलंडच्या शाळांनी स्वीकारलेला एक उपक्रम मला आपल्या मातीला विशेष जवळचा वाटतो. त्यात वरच्या वर्गातील मुलांना तयार करून खालच्या वर्गांवर पाठवतात. त्यांचा रोख मारणाऱ्यावर किंवा मार खाणाऱ्यावर नसतो. पाहत उभ्या राहणाऱ्यावर असतो. 'तुझा मित्र कोणाला तरी मारतो आहे. तू काय करशील?' मध्ये पडायचे, मित्राला बाजूला ओढायचे, मोठ्या माणसाला बोलवायचे, पोलिसांना फोन करायचा, असे पर्याय मुले आपसांत चर्चून ठरवतात. कोणत्याही जमावात मारणारे हात मोजकेच असतात. बाकीचे वर्तुळ पाहणाऱ्यांचे असते आणि ते वर्तुळच मारणाऱ्याला बळ देते. त्या वर्तुळातील एकाने जरी मोठ्याने "अरे थांबा, मरेल तो" म्हटले, तर पुष्कळदा हात सैल पडतात. आपल्या शाखेत, व्यायामशाळेत, गणेश मंडळात, भजनी मंडळात असा एक मुलगा तयार करता आला, तर तो दहा वक्त्यांना भारी आहे.

येथे कोणी म्हणेल, हे परदेशी प्रयोग कशाला? ठीक आहे, मग आपल्याच जिल्ह्यात चला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. त्यांच्या राजकीय विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे जमले नसते, जमतही नाही; ते बाजूला ठेवू. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. दैनिक! रोज. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे हे सारे झाल्यावर पुन्हा ते लिहिणे. वर्षातून एकदा शपथ देणारे आम्ही, आणि रोज लिहिणारा तो शिक्षक. मुले कोणाचे ऐकतील?

शिस्तीचा विषय निघाला की छत्रपतींचे नाव घेतले जाते, आणि ते घ्यावेच. पण त्यांचे एक पत्र प्रत्येक युवक मंडळात वाचले गेले पाहिजे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीतील अधिकाऱ्यांना ते लिहिले आहे. सारांश असा की, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळाल, मग घोडे उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कोणी धान्य आणील, कोणी भाजी, आणि लोक म्हणतील की यापेक्षा मोगल बरे. पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत त्या राजाचे लक्ष होते. हातात तलवार असलेल्या तरुणांना त्याने सांगितले, भाजीच्या देठाला हात लावू नका. आज त्यांचे चित्र छापलेला सदरा घालून कोणी निरपराधावर हात टाकत असेल, तर त्याने ते पत्र वाचलेले नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट शिक्षकांना सांगतो. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. तरी छडी गेलेली नाही. काही पालकच म्हणतात, "सर, हाडे आमची, कातडे तुमचे." ज्या मुलाला दहा वर्षे शिकवले गेले की मोठा चुकलेल्याला मारतो आणि ते योग्य असते, तो मोठा झाल्यावर चुकलेल्याला मारणारच, चुकलेला कोण, हे तोच ठरवणार. आपल्या वर्गातला तो 'वाईट' मुलगा, ज्याला आपण बाकावर उभा करतो, त्याच्या घरात काय चालले आहे, हे आपण कधी पाहिले? आपल्या परंपरेत गुरूचे घर असे आणि शिष्य त्या घरात राहत असे. आज निदान शिक्षकाने तरी शिष्याचे घर पाहावे.

राईनपाड्याच्या माणसांविषयी अजून एक. भटक्यांची मुले आपल्या मुलांबरोबर बाकावर बसली असती, तर त्या बाजारात एखादा तरी म्हणाला असता, "अरे, हा आपल्या वर्गातल्या पोराचा बाप." तुळजापूरजवळ यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांची शाळा उभी केली, २०२१ मध्ये प्रभुण्यांना पद्मश्रीही मिळाली. आपण त्या कार्याला सेवाकार्य म्हणतो. मला ते हिंसाप्रतिबंधाचेही कार्य वाटते. अनोळखी माणसाविषयी कोणतीही अफवा खरी वाटते. शेजाऱ्याविषयी ती इतक्या सहज खरी वाटत नाही. हेच जामनेरच्या मोहल्ल्याला आणि गल्लीला लागू आहे. ईदेला आणि गणपतीला शांतता समितीची बैठक पोलीस ठाण्यात होते. तिथे पन्नाशीतली माणसे येतात, चहा घेतात, सह्या करतात. अठरा वर्षांच्या मुलांना त्या बैठकीला कोणीच बोलावत नाही, आणि दगड उचलण्याचे वय मात्र त्यांचे असते.

म्हणून आपल्यासमोर एक मागणी ठेवून थांबतो. या सभेनंतर मला पुन्हा मुख्य वक्ता म्हणून बोलावू नका. त्याऐवजी येथे बसलेल्या शाळांनी येत्या जूनपासून प्रत्येक शनिवारी शेवटचा तास वर्गसभेला द्यावा. आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीतून चार मुले आणि चार मुली निवडाव्यात; निवड हुशारांचीच नको, ज्यांचे इतर ऐकतात त्यांची हवी, आणि त्यात एक-दोन दांडगट असलेच पाहिजेत. कायद्याची माहिती द्यायला तालुका न्यायालयातला एखादा वकील वर्षातून चारदा यावा, पण वर्गात, तीस मुलांसमोर आणि प्रश्नांना वेळ ठेवून. २०२२ च्या शासननिर्णयाप्रमाणे शाळेत सखी सावित्री समिती असलीच पाहिजे. तिच्या फलकावरील दूरध्वनी क्रमांक लागतो का, हे आज घरी जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी स्वतः फिरवून पाहावे. तक्रारपेटीची किल्ली शिपायाकडे असते की नसतेच, तेही पाहावे. ज्या पालकांची मुले पहाटे भरतीसाठी धावतात, त्यांनी मैदानावर एकदा त्या प्रशिक्षकाला भेटावे. ती मुले त्याचे आपल्यापेक्षा अधिक ऐकतात; शनिवारच्या वर्गसभेला त्याला पहिल्यांदा बोलवा.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखला आहे. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांपासून सुरुवात करू या.